पडद्यावरचा रेडिओ आणि त्याची पुष्पिका

(शताब्दी महोत्सवाच्या व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



शंभर वर्षांच्या ग्रंथालयाने मराठीच्या प्राध्यापकाला बोलावले, की तो संतवाङ्मयावर किंवा कादंबरीवर बोलणार अशी श्रोत्यांची समजूत असते आणि ती रास्तच आहे. मी मात्र आज जुन्या काळावर बेतलेल्या चित्रपटांत दिसणाऱ्या रेडिओंविषयी आणि दूरचित्रवाणी संचांविषयी बोलणार आहे. विषय कळवला तेव्हा चिटणीसांनी दूरध्वनीवरून दोनदा खात्री करून घेतली. त्यांचा संशय मी समजू शकतो. काही वर्षांपूर्वी मला कुणी हा विषय सुचवला असता, तर मीही हसलो असतो. तो माझ्याकडे एका चुकीमुळे आला, आणि ती चूक माझीच होती. तेव्हा आधी ती कबूल करतो.

मी सिल्वासाचा, टोकरखाड्यात राहतो. आमच्या दादरा आणि नगर हवेलीचा मुक्तिसंग्राम आपणांपैकी ज्येष्ठांना ठाऊक असेल. १९५४ च्या २२ जुलैच्या रात्री दादरा मुक्त झाले आणि २ ऑगस्टला सिल्वासावर तिरंगा चढला. पुण्या-मुंबईचे कितीतरी तरुण त्यासाठी भर पावसात आमच्याकडे उतरले होते. संगीतकार सुधीर फडके त्यांच्यात होते. या कार्यासाठी निधी उभा राहावा म्हणून लता मंगेशकर यांनी पुण्यात हिराबागेत गाण्याचा कार्यक्रम केला होता. मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी ही हकिगत आहे, आणि आमच्याकडे ती दरवर्षी २ ऑगस्टला सांगितलीही जाते.

अशाच एका २ ऑगस्टसाठी आमच्या विद्यार्थ्यांनी वीस मिनिटांचा एक लघुपट तयार केला. मार्गदर्शक म्हणून माझे नाव होते. त्यात एक प्रसंग असा, की कंदिलाच्या उजेडात एक म्हातारा रेडिओचे बटण पिळतो, लगेच आवाज येतो, ‘ये आकाशवाणी है’, आणि पाठोपाठ सिल्वासा मुक्त झाल्याची बातमी. म्हातारा डोळे पुसतो. हा रेडिओ आमच्या घरचा होता. लाकडी पेटीचा, दर्शनी भागावर सोनेरी जाळीदार कापड लावलेला मर्फी. आमच्या घरात लहानपणापासून मी ऐकत आलो होतो, की याच रेडिओवर अण्णांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, सिल्वासा मुक्त झाल्याची बातमी ऐकली. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात मी तसे लिहिलेही होते. विद्यार्थी भंगारवाल्याकडून एक रेडिओ आणणार होते. मीच म्हटले, खोटा कशाला, खरा आहे ना आपल्याकडे.

लघुपट झाला, टाळ्या झाल्या. आमच्या घरापासून चार घरे सोडून पूर्वी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे एक दुकान होते. ते चालवणारे काका आता पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत. ते बाहेर पायऱ्यांवर भेटले. म्हणाले, “सर, पोरांनी छान केलंय. एकच विचारतो. चौपन्न साली अण्णांच्या घरी वीज होती का?”

नव्हती. अण्णा तेव्हा खानवेलकडे एका लाकूड-ठेकेदाराकडे कारकून होते. घरात रॉकेलचा दिवा.

“मग हा रेडिओ कशावर चालला? हा विजेवरचा संच आहे. माझ्या हातून तीनदा दुरुस्त झालेला. रेडिओ बघताना लोक बटणं बघतात, सर. आधी वायर बघावी.”

दुसऱ्या दिवशी ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन घरी आले. रेडिओ पालथा करून त्यांनी मागचा भोकाभोकांचा पुठ्ठा काढला. धुळीचा आणि जुन्या मेणाचा एक विशिष्ट वास येतो, तो आला. आपल्या रेडिओला हिरवा डोळा होता, केंद्र नेमके लागले की मिटत येणारा. आम्ही मुले तो बघायला भांडत असू. काकांनी तोच बाहेर काढला आणि भिंगाखाली धरला. वर ईएम ८४ असे छापलेले होते. हा व्हॉल्व्ह १९५० च्या दशकाच्या अगदी अखेरीस बाजारात आला. १९५४ साली तो कुठल्याच रेडिओत असणे शक्य नव्हते. मग माळ्यावरची ट्रंक उघडली. त्यात रेडिओच्या परवान्याची पुस्तिका सापडली. तरुण श्रोत्यांना सांगतो, त्या काळी घरात रेडिओ ठेवायला सरकारी परवाना लागे आणि दरवर्षी टपाल कचेरीत पैसे भरून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागे. १९८० च्या दशकात ही पद्धत बंद झाली. आमच्या पुस्तिकेवरचा पहिला शिक्का १९६८ सालचा निघाला.

त्या दिवशी मला जे वाटले ते नुसते ओशाळलेपण नव्हते. मी वर्गात पाठचिकित्सा शिकवतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, परंतु आपल्या हाती येणाऱ्या पोथ्या नंतरच्या. म्हणून एकनाथांना शके १५०६ मध्ये पाठशुद्धी करावी लागली, असे मुलांना सांगतो. ग्रंथाचा रचनाकाल वेगळा आणि पोथीचा लेखनकाल वेगळा, हे तर पहिल्याच तासाला. पोथी हाती आली की कागद पाहावा, शाई पाहावी, अक्षराचे वळण पाहावे, आणि शेवटी पुष्पिका वाचावी. तिच्यात नकलकाराने काळ नोंदवलेला असतो. हे सगळे शिकवणाऱ्या माणसाच्या बैठकीत पन्नास वर्षे एक वस्तू उभी होती आणि त्याने तिची पुष्पिका कधी वाचली नव्हती. ती पाठीमागे होती एवढेच.

त्यानंतर मी काकांच्या हाताखाली वर्षभर शिकलो म्हणा ना. आणि चित्रपट पाहायची माझी रीतच बदलली.

जुन्या काळावरचा चित्रपट ही एका अर्थी नंतर केलेली नक्कल असते. कथा १९४२ ची असते, चित्रीकरण २०२४ मधले. पडद्यावरच्या प्रत्येक वस्तूला म्हणून दोन तारखा असतात. याउलट १९५५ साली १९५५ च्याच कथेवर काढलेल्या चित्रपटात कोपऱ्यात दिसणारा रेडिओ हा पुरावा असतो. दिग्दर्शकाचे त्याच्याकडे लक्षही नसते, म्हणूनच तो अधिक विश्वासार्ह. अलीकडच्या चित्रपटातला रेडिओ मात्र कुणीतरी शोधून, भाड्याने आणून, पुसून तिथे ठेवलेला असतो. मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर अशा वस्तूंची दुकाने आहेत. तिथे जे मिळते ते पडद्यावर येते, आणि पडद्यावर आलेले आपल्या नातवंडांच्या डोक्यात ‘तो काळ’ म्हणून बसते.

आता ओळखायचे कसे? काकांचा पहिला धडा वीज हा होता, तो सांगितला. वीज नसलेल्या गावात रेडिओ नव्हतेच असे नाही. पण ते जाडजूड कोरड्या बॅटऱ्यांवर किंवा मोटारीच्या बॅटरीवर चालत. गावातल्या घरात, कंदिलाच्या उजेडात रेडिओ वाजत असेल तर त्याच्या शेजारी बॅटरी दिसली पाहिजे. आमच्या लघुपटात कंदीलही होता आणि विजेचा रेडिओही. दोन्ही एका चौकटीत! मला तेव्हा ते फार काव्यमय वाटले होते.

दुसरी गोष्ट वेळेची. व्हॉल्व्हचा रेडिओ बटण पिळताक्षणी बोलत नाही. आतल्या तारा तापाव्या लागतात. आधी डायलचा दिवा लागतो, मग बारीक गुणगुण, आणि वीस-तीस सेकंदांनी आवाज हळूहळू वर येतो. चित्रपटात नायक बटण पिळतो आणि निवेदक वाक्याच्या सुरुवातीपासून बोलू लागतो. दिग्दर्शकाची अडचण मी जाणतो, अर्धे मिनिट पडदा गप्प कसा ठेवायचा? परंतु ते अर्धे मिनिट हाच त्या काळाचा स्वभाव होता. पुणे केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९५३ रोजी. तिथून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि वर्षभर चालले. गाणे लागायच्या आधीच घराघरांत रेडिओ लावून ठेवीत, काही घरांत त्याला हारही घालीत. रेडिओ तापण्याची वाट पाहणे ही जवळजवळ पूजेची तयारी होती. योगेश देशपांडे यांच्या ‘स्वरगंधर्व सुधीर फडके’ या चित्रपटाने २०२४ मध्ये तो काळ पुन्हा पडद्यावर आणला. अशा कथेत रेडिओ हे नेपथ्य राहत नाही. तो एक पात्र असतो.

तिसरी गोष्ट काट्याची. पुणे केंद्र मिडियम वेव्हवर लागे. बुधवारची ‘बिनाका गीतमाला’ १९५२ पासून रेडिओ सिलोनवरून येई, ती शॉर्टवेव्हवर. म्हणजे एकाच संचावर काटा निराळ्या जागी, बँडचे बटण निराळ्या खाचेत; आणि शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा चढत-उतरत येणारा. चित्रपटात अमीन सायानींचा आवाज काचेसारखा स्वच्छ येतो आणि काटा मिडियम वेव्हवर स्वस्थ उभा असतो, तेव्हा काका खुर्चीत चुळबुळ करतात. सिलोनकडे लोक का वळले हेही त्या काट्यात आहे. माहिती आणि नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांना चित्रपटगीते हलकी वाटत; ती आपल्या केंद्रांवरून जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते समुद्रापलीकडे गेले. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करून त्यांना परत बोलवावे लागले. केसकर आपलेच, मराठी. त्यांच्या शास्त्रीय संगीतावरील प्रेमाबद्दल मला आदर आहे. पण घरचे बटण कुणाच्या हातात असते हे त्यांनी ओळखले नाही.

डायलवरची अक्षरे तर पोथीसारखीच वाचावीत. जुन्या डायलवर किलोसायकल्स असतात, नंतरच्यांवर किलोहर्ट्झ. हर्ट्झ हे एकक १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय पद्धतीत आले आणि डायलवर रुळायला आणखी काही वर्षे गेली. डायलवर हिल्वर्सम, बेरोम्युन्स्टर अशी गावे दिसली की समजावे, हा संच युरोपातल्या दिवाणखान्यासाठी घडला होता. हस्तिदंती रंगाच्या, पियानोसारख्या पट्ट्या असलेले जर्मन संच दिसायला फार देखणे. चित्रपटवाल्यांना ते मोह घालतात. त्यांवर एफएमचा पट्टाही असतो. भारतात एफएमचे प्रक्षेपण प्रथम मद्रासला १९७७ मध्ये झाले. १९४७ च्या लाहोरातल्या किंवा पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात असा संच ठेवणे म्हणजे पेशव्यांच्या हाती फाउंटन पेन देणे.

आणि ट्रान्झिस्टर. ही चूक सर्वांत जास्त दिसते. ट्रान्झिस्टर हा घटक अमेरिकेत १९४७ च्या डिसेंबरात सिद्ध झाला. त्यावर चालणारा, खिशात मावणारा पहिला रेडिओ, रीजन्सी टीआर-१, तिथे विक्रीला आला तो १९५४ च्या उत्तरार्धात. किंमत ४९ डॉलर ९५ सेंट. त्याची घोषणा झाली ऑक्टोबरात. सिल्वासा मुक्त झाले ऑगस्टात. म्हणजे आमच्या मुक्तिसंग्रामावर उद्या कुणी मोठा चित्रपट काढला आणि तंबूतल्या स्वयंसेवकाच्या कानाशी छोटा ट्रान्झिस्टर दिला, तर ती चूक अवघ्या दोन-अडीच महिन्यांची असेल, पण ती चूकच. पुढे १९७५ च्या जूनवरील कथेत मात्र ट्रान्झिस्टर शोभतो. भोके पाडलेल्या चामडी पिशवीतला, खांद्याला पट्टा असलेला, चहाच्या टपरीवर खिळ्याला टांगलेला. आणीबाणी लागल्याचे अनेकांनी अशाच संचावर ऐकले.

शब्दांच्याही चुका असतात. आमच्या लघुपटात निवेदक ‘आकाशवाणी’ म्हणाला. म्हैसूरला डॉ. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये आपल्या केंद्रासाठी हे नाव वापरले होते हे खरे. परंतु देशाच्या नभोवाणीने ते नाव घेतले १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात. १९५४ मध्ये निवेदक ‘ऑल इंडिया रेडिओ’ असेच म्हणाला असता. मी मराठीचा प्राध्यापक. निदान हा शब्द तरी मला खटकायला हवा होता.

एक गोष्ट इथे स्पष्ट करतो, नाहीतर मी चित्रपटगृहात चुका मोजत बसणारा माणूस ठरेन. नेपथ्यातली चूक आणि कथेतली चूक यांत मी भेद करतो. मागच्या फळीवर १९५८ च्या ऐवजी १९६१ चा बुश दिसला तर बिघडले काय? कलादिग्दर्शकाला पैसे, वेळ आणि बाजार यांतून वाट काढायची असते. पण जिथे कथा रेडिओवरच उभी आहे, तिथे वस्तू चुकली की इतिहास चुकतो. २०२४ मध्ये ‘ऐ वतन मेरे वतन’ हा हिंदी चित्रपट आला, उषा मेहता आणि १९४२ च्या काँग्रेस रेडिओवरचा. हा गुप्त रेडिओ मुंबईतून ४२.३४ मीटरवर बोलत असे. हिशेब केला तर हे शॉर्टवेव्हचे ठिकाण, एक्केचाळीस मीटरच्या पट्ट्याजवळचे. म्हणजे ज्याच्या घरी केवळ मिडियम वेव्हचा साधा संच, त्याला तो ऐकूच आला नसता. ऐकणारे मोजके होते, ऐकून दुसऱ्यांना सांगणारे पुष्कळ. नोव्हेंबर १९४२ मध्ये पोलिसांनी धाड घालून उषाबेन आणि सहकाऱ्यांना पकडले. असे चित्रपट पाहताना मी प्रथम ऐकणाऱ्याच्या पेटीकडे बघतो. प्रक्षेपक यंत्राकडे सगळेच बघतात.

मर्फीचे नाव निघालेच आहे, तर ‘बर्फी!’ या २०१२ च्या चित्रपटाचा उल्लेख करायला हवा. त्यातल्या नायकाचे नाव मुळात मर्फी. त्याला बोलता-ऐकता येत नाही म्हणून उच्चार ‘बर्फी’ होतो. ओठांवर बोट ठेवलेले ते गुटगुटीत मूल कॅलेंडरवर किती मराठी घरांत होते! कंपनी इंग्लंडातली, कारखाना आपल्या ठाण्यात. एका रेडिओच्या जाहिरातीवरून पात्राचे नाव ठेवावे, इतकी ती जाहिरात घराघरांत पोचली होती. इथे वस्तू नुसती अचूक नाही, ती कथेच्या नाळेशी जोडलेली आहे.

दूरचित्रवाणीविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिचा माग काढणे तुलनेने सोपे. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ पासून प्रायोगिक प्रक्षेपण. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२. रंग १९८२ मध्ये, त्या वर्षीच्या आशियाई खेळांच्या सुमारास. या तीन तारखा पाठ असल्या की बहुतेक चित्रपट तपासता येतात. १९६८ च्या मुंबईतल्या चाळीत टीव्ही दिसला तर तो अशक्य आहे. सत्तरीच्या दशकातला संच म्हणजे चार पायांचा लाकडी खोका, पुढे सरकते शटर, उजवीकडे कटकट आवाज करत फिरणारे बटण. ईसी, टेलिव्हिस्टा, वेस्टन, क्राउन अशी नावे. शटरला काही घरी कुलूपही असे. गच्चीवर ॲल्युमिनियमच्या काड्यांची अँटेना, सगळ्या गावाच्या अँटेना एकाच दिशेला तोंड करून. आमच्याकडे त्या मुंबईकडे बघत. एक मुलगा गच्चीवर बांबू फिरवतोय, खालून “आल्या, आल्या, परत मुंग्या आल्या” अशी ओरड, हे चित्र ज्याने पाहिले त्याला पुन्हा सांगायला नको. जुन्या चित्रपटांत टीव्हीच्या पडद्यावर एक काळसर पट्टा वर-खाली सरकताना दिसतो. कॅमेऱ्याची चोवीस चित्रे आणि टीव्हीची पंचवीस यांचा मेळ बसत नसे. हल्लीच्या चित्रपटांत ते चित्र मागाहून संगणकावर बसवतात. पट्टा नाही, मुंग्या नाहीत. इतका स्वच्छ टीव्ही आमच्या नशिबी कधी नव्हता.

१९८३ च्या २५ जूनला विश्वचषकाचा अंतिम सामना आम्ही आळीतल्या एकुलत्या एका संचावर, तीस-पस्तीस जणांनी पाहिला. त्याच्या आठवडाभर आधी, १८ जूनला, झिंबाब्वेविरुद्ध कपिल देवने नाबाद १७५ धावा केल्या. त्या खेळीचे चित्रीकरणच झाले नाही. २०२१ च्या ‘८३’ या चित्रपटाने ती नव्याने उभी केली. मला तो प्रसंग आवडला. तरी मनात आले, आणखी पन्नास वर्षांनी एखादा मुलगा शपथेवर सांगेल, की मी ती खेळी पाहिली आहे. मूळ पोथी नाही आणि नक्कल तेवढी उरली, अशी ही स्थिती. माझ्या आजोबांच्या रेडिओचे निराळे काय झाले होते?

आता मी तुमच्या ग्रंथालयाकडे येतो. एखादा संच कोणत्या वर्षाचा हे काका आतली यंत्रणा बघून सांगतात. चित्रपटातल्या संचाला पाठ नसते, पुढचा चेहरा तेवढा दिसतो. त्या चेहऱ्याची ओळख कुठे पटवायची? जाहिरातींत. ‘किर्लोस्कर’ मासिक १९२० मध्ये सुरू झाले, ‘स्त्री’ १९३० मध्ये, ‘मनोहर’ १९३४ मध्ये. दिवाळी अंकांची परंपरा तर १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनची. या अंकांच्या जाहिरातींच्या पानांवर साबण, सायकली, पंखे आणि रेडिओ ओळीने येतात, चित्रासकट, किमतीसकट, आणि अंकाच्या महिन्या-वर्षासकट. याहून चांगली पुष्पिका कोणती? परंतु जुने अंक बांधणीला जाताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकायची रीत अनेक ग्रंथालयांत होती. खंड जाड होतो, बांधणीचा खर्च वाढतो, आणि जाहिरात म्हणजे काही वाङ्मय नव्हे, अशी तीन कारणे असत. मीही एके काळी असाच सल्ला एका ग्रंथालयाला दिला होता. कथा-कविता राहिल्या. त्या तशाही पुढे पुस्तकांत आल्या असत्या. जे पुन्हा कुठेच छापले जाणार नव्हते, तेच आम्ही रद्दीत घातले. आपल्या तळघरात अजून न बांधलेले गठ्ठे आहेत असे ग्रंथपालांनी मला आज दाखवले. माझी हात जोडून विनंती आहे, त्यांतले एकही पान काढू नका. दोऱ्याचा आणि पुठ्ठ्याचा जो जादा खर्च येईल, त्यात माझ्या एका महिन्याच्या वेतनाचा वाटा धरा.

आमच्या संग्रामात खरे रेडिओही होते, फक्त ते दिवाणखान्यातले नव्हते. दादरा आणि नगर हवेलीत पोर्तुगीजांकडून हाती आलेले दोन बिनतारी संच पुढे गोव्याच्या कामी आले. त्यांत फेरफार करून प्रक्षेपक तयार झाला, तो एका ट्रकवर चढवला, आणि २५ नोव्हेंबर १९५५ पासून आंबोलीच्या जंगलातून गोव्याच्या मुक्तीचा गुप्त रेडिओ पोर्तुगीज आणि कोकणी भाषांत बोलू लागला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही दोघे तो चालवीत. पुढे मुक्काम कॅसल रॉककडे हलला. सहा वर्षे, १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत, हा आवाज थांबला नाही. शरणागतीची वार्ताही त्या दोघांनी विमानातून, ध्वनिवर्धकावरून गोव्याच्या लोकांना ऐकवली. लिबियाबाईंना २०२५ मध्ये, वयाच्या शंभरीत, पद्मश्री जाहीर झाली. आमच्या पोरांना मी म्हटले, रेडिओ दाखवायचाच असेल तर हा दाखवा. लोखंडी पेट्या, त्यांवरची मोजमापाची काटेवाली तबके, पावसात ताडपत्री टाकलेला ट्रक. त्याला सोनेरी जाळीचे कापड नव्हते.

मग चौपन्न साली अण्णांनी बातमी ऐकली कुठे? माझी आत्या तेव्हा नऊ वर्षांची होती. पुठ्ठा काढलेला रेडिओ तसाच टेबलावर ठेवून मी तिला विचारले. ती म्हणाली, “ऐकायची कशाला? आम्ही बघितली.” सिल्वासा सोडून पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो आपल्या माणसांसह खानवेलच्या बाजूला मागे सरकला होता, ११ ऑगस्टला उदव्याला त्यांनी शरणागती पत्करली. आत्याला आठवत होते ते एवढेच, की पाऊस कोसळत होता, आणि ज्यांना बघून लोक वाटेतून बाजूला होत, ते शिपाई चिखलाने माखलेले, पाठीवर सामान घेऊन, पायी जंगलाकडे चालले होते. आजीने दार लावून घेतले. अण्णा फटीतून बराच वेळ बघत राहिले, आणि मग वळून म्हणाले, “सिल्वासा गेलं त्यांचं.”

पोरांनी तो प्रसंग पुन्हा चित्रित केला. त्यात रेडिओ नाही. एक दार आहे, फट आहे, पावसाचा आवाज आणि चिखलातली पावले. वार्षिक अंकात मी दुरुस्ती छापली. रेडिओ बैठकीतच आहे. काकांनी तो पुन्हा चालू करून दिला. त्याच्या पाठीवर मी एक चिठ्ठी डकवली आहे, ‘परवाना १९६८. २ ऑगस्ट १९५४ ची बातमी या संचावर ऐकलेली नाही.’ आत्याला ती चिठ्ठी पसंत नाही. “पाहुण्यांना दिसेल अशी कशाला लावलीस?” म्हणते. मी म्हटले, पाठीमागे तर लावली आहे. ती म्हणाली, “तू सगळ्यांना पाठ बघायला सांगत फिरतोस ना हल्ली.”